काँक्रीटच्या पोटातली कैची

सकाळी फिरायला जाताना वाटेत एखाद्या इमारतीचं काम चालू दिसलं, तर दोन मिनिटं थांबून बघा. स्लॅब भरायच्या आधी सेंट्रिंगच्या फळ्यांवर कामगार उकिडवे बसून सळया बांधत असतात. बीमच्या लांब, जाड सळया चटकन ओळखू येतात. त्यांना कवेत घेणाऱ्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सळईच्या चौकोनी कड्याही दिसतात. साइटवर त्यांना रिंग म्हणतात. नीट पाहिलंत तर लक्षात येईल, की या रिंगा बीमच्या दोन्ही टोकांना, म्हणजे कॉलमजवळ, दाट असतात आणि मधल्या भागात विरळ. मिस्त्रीला कारण विचारलं तर तो ड्रॉइंगकडे बोट दाखवतो.

खरं तर बीम वाकतो तो मध्यावर. फळीवर उभं राहिलं तर ती मध्येच खाली जाते, हे लहान मुलालाही कळतं. मग टोकाला एवढी काळजी कशासाठी? इंजिनिअरिंगला असताना मी या रिंगांचं सूत्र पाठ केलं, परीक्षेत वापरलं, पुढे नोकरीतही वापरलं. पण ते कुणाच्या डोक्यातून आलं आणि त्याची गरज का पडली, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. एमिल मोर्श हे नाव मला फार उशिरा कळलं.

मोर्श यांचा जन्म ३० एप्रिल १८७२चा, दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग राज्यात, रॉइटलिंगेन या गावातला. १८९० ते १८९४ या काळात ते स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यालयात स्थापत्य शिकले. नंतर राज्याच्या रस्ते आणि पाणी खात्यात आणि पुढे राज्य रेल्वेच्या पूल विभागात त्यांनी उमेदवारी केली. तेव्हाचे रेल्वे पूल दगडाचे किंवा लोखंडाचे असत. लोखंडी पुलाची एक गंमत असते. त्यात काही लपलेलं नसतं. आपल्या कौलारू घरांच्या छपराखाली लाकडी कैची असते, तसाच हा प्रकार. (कैची म्हणजे इथे कात्री नव्हे, छपराचं वजन पेलणारी त्रिकोणी चौकट.) तिच्यातले काही दांडे दाबले जातात, ते टेकूचं काम करतात. काही ताणले जातात, ते दोराचं काम करतात. टेकू आणि ताण जिथे भेटतात तिथे सांधा असतो. कोणत्या दांड्यात किती जोर येतो, हे कागदावर काढता येतं. तरुण मोर्श यांचा हात या हिशेबावर बसला आणि पुढे आयुष्यभर तो त्यांच्या उपयोगी पडला.

त्याच सुमारास बांधकामाच्या जगात एक नवा पदार्थ धुमाकूळ घालत होता. त्याची सुरुवात मोठी विनोदी आहे. जोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच बागवानाने सिमेंटच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं. जर्मनीत ते हक्क विकत घेणाऱ्यांपैकी एका उद्योगातून पुढे वाइस उंड फ्रायटाग ही कंपनी उभी राहिली. लोखंड मधोमध ठेवून काही उपयोग नाही, ते बीमच्या खालच्या, ताणल्या जाणाऱ्या बाजूला हवं, हे माथियास कोनेन या जर्मन इंजिनिअरने १८८६च्या सुमारास हिशेबाने दाखवलं. काँक्रीट दाबाला दणकट असतं, पण ताणाला दुबळं. त्याची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण एक दशांश असते. म्हणून जिथे ताण तिथे लोखंड. १८९२ साली फ्रान्सच्या फ्रान्स्वा एनबिक यांनी कॉलम, बीम, स्लॅब अशी एकसंध पद्धत पेटंट केली. त्यांच्या बीममध्ये उभ्या पट्ट्याही होत्या, आजच्या रिंगांच्या पणज्याच म्हणा. त्या पट्ट्या नेमकं काय करतात, याबद्दल मात्र एकमत नव्हतं. घरं बांधली जात होती आणि हिशेब मागून येत होता.

१९०१ साली मोर्श सरकारी नोकरी सोडून वाइस उंड फ्रायटागमध्ये गेले. त्याच वर्षी २८ ऑगस्टला स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात एनबिक पद्धतीने बांधली जात असलेली हॉटेलची इमारत कोसळली. आत काम करणारी माणसं मेली. चौकशी समितीत झुरिकच्या तंत्र विद्यापीठातले प्राध्यापक विल्हेल्म रिटर होते. निकृष्ट माल, ढिसाळ काम आणि देखरेखीचा अभाव, असं दोषांचं पाढेवाचन अहवालात झालं. सामान्य माणसाच्या मनात मात्र प्रश्न उरला तो साधाच: बाहेरून दगडासारखं दिसणाऱ्या या वस्तूच्या आत काय चाललं आहे, हे बांधणाऱ्यांना तरी माहीत आहे का?

कंपन्यांनाही हा प्रश्न सतावत होता. वाइस उंड फ्रायटागने आपल्या नव्या इंजिनिअरला पुस्तक लिहायला सांगितलं. १९०२ साली, म्हणजे मोर्श तिशीत असताना, ते प्रसिद्ध झालं. जर्मनीत अशा तऱ्हेच्या ज्ञानाला तोवर पेटंटवाल्यांचं कुलूप होतं. मोर्श यांनी प्रयोग, आकडे, आकृत्या सगळं उघडं मांडलं. कंपनीने पैसे देऊन लिहून घेतलेलं पुस्तक म्हणजे जाहिरात, असं कुणी म्हणेल, आणि काही अंशी ते खरंही आहे. पण ही जाहिरात पुढे दोन पिढ्यांची क्रमिक पुस्तक झाली. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, पानं वाढत गेली. १९०९ मध्ये न्यूयॉर्कहून इंग्रजी भाषांतरही आलं.

पुस्तकातला सगळ्यांत अवघड भाग होता तो बीमच्या टोकांचा. तिथे पडणारे तडे उभे नसतात, तिरके असतात. आधाराजवळून निघतात आणि वर मध्याच्या दिशेने झुकत जातात. मध्यावरचा उभा तडा हळूहळू रुंदावतो, बीम खाली लवतो, माणसाला पळायला वेळ मिळतो. तिरका तडा असा सभ्य नसतो. पुरेशा रिंगा नसतील तर तो दिसतो न दिसतो तोच बीम दुभंगतो. टोकाच्या रिंगांची काळजी घ्यायची ती यासाठी.

हे तिरके तडे का पडतात, यावर जवळजवळ दहा वर्षं वाद चालला. एका पक्षाचं म्हणणं असं, की बीम म्हणजे एकावर एक रचलेल्या फळ्या समजा. वह्यांची गड्डी वाकवली की वह्या एकमेकींवरून सरकतात, तसे बीमचे आडवे थर सरकू पाहतात. रिंगा खिळ्यांसारख्या त्यांना अडवतात. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, की काँक्रीट सरकून तुटत नाही, ते तिरक्या दिशेने ताणलं जाऊन फाटतं.

यातलं कोण बरोबर, ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. फळ्यावर लिहायचा खडू घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि ओला कपडा पिळतो तसा तो पिळा. खडू आडवा, सरळ कापल्यासारखा तुटत नाही. तुटलेलं तोंड तिरकं, वळसेदार असतं, साधारण ४५ अंशांत. पिळताना थर एकमेकांवरून सरकवायचा प्रयत्न आपण करतो, पण त्याच जोराचा एक भाग तिरक्या दिशेने ताण बनतो. खडू ताणाला दुबळा असल्याने तो सरकण्याआधीच तिथे फाटतो. काँक्रीट या बाबतीत खडूचंच मोठं भावंडं.

मोर्श यांनी नुसता युक्तिवाद केला नाही. कंपनीच्या खर्चाने बीम ओतून घेतले. काहींत रिंगा होत्या, काहींत नव्हत्या, काहींत खालच्या सळया टोकाजवळ तिरक्या वर वळवलेल्या होत्या. स्टुटगार्टच्या प्रयोगशाळेत कार्ल बाख यांच्यासारखे काटेकोर प्रयोगकर्ते होते. बीमवर टप्प्याटप्प्याने वजन वाढवायचं, प्रत्येक टप्प्यावर तडे कुठवर गेले ते खुणेने नोंदवायचं आणि मोडेपर्यंत जायचं. त्या पुस्तकातल्या मोडलेल्या बीमच्या आकृत्या आज पाहिल्या तरी एखाद्या डॉक्टरने जपून ठेवलेल्या एक्स-रेंची आठवण होते. काँक्रीट ताणाने फाटतं, हे त्या तड्यांनी दाखवून दिलं आणि आडवे थर सरकण्याचा सिद्धान्त मागे पडला.

मग पुढचा प्रश्न. तडा पडल्यावर बीम उभा राहतो तो कसा?

इथे रिटर यांची एक जुनी आकृती कामी आली. बाझेलच्या अपघाताआधी, १८९९ साली, त्यांनी एनबिकच्या बीमवर लेख लिहिला होता आणि तडे गेलेला बीम म्हणजे आतून एक कैचीच आहे, असं सुचवलं होतं. मोर्श यांनी ती कल्पना उचलली, प्रयोगांशी ताडून पाहिली आणि तिचं वापरण्याजोगं सूत्र केलं. दोन तिरक्या तड्यांच्या मधला काँक्रीटचा पट्टा म्हणजे तिरका टेकू. खालच्या सळया म्हणजे कैचीचा तळचा ताण. वरचं दाबलं गेलेलं काँक्रीट म्हणजे वरचा दांडा. आणि रिंगा म्हणजे उभे ताण. वजन वरून तिरक्या टेकूने खाली उतरतं, खाली पोहोचलं की रिंग त्याला पुन्हा वर उचलते, पुढचा टेकू ते पुढच्या पायरीवर खाली नेतो. अशा पायऱ्या पायऱ्यांनी ते आधारापर्यंत जातं. पूर्वी बीमच्या सळया टोकाला तिरक्या वळवत, जुन्या इमारतीच्या ड्रॉइंगमध्ये त्या क्रँक केलेल्या दिसतात. त्याही याच कैचीतले तिरके ताण.

या चित्राचा मोठा फायदा म्हणजे हिशेब सोपा होतो. समजा, बीमच्या टोकाशी १० टनांचा भार उतरायचा आहे आणि वरच्या व खालच्या दांड्यांमधलं अंतर ४० सेंटिमीटर आहे. तडा ४५ अंशांत गेला तर तो आडव्या दिशेनेही ४० सेंटिमीटर अंतर घेईल. म्हणजे तेवढ्या अंतरातल्या रिंगांनी मिळून १० टन उचलायला हवेत. आजच्या आपल्या ८ मिलिमीटरच्या सळईची दोन पायांची एक रिंग हिशेबात साधारण साडेतीन टन धरता येते. तेव्हा ४० सेंटिमीटरमध्ये तीन रिंगा, म्हणजे सुमारे सव्वापाच इंचांवर एक. मध्याकडे जाताना हा भार कमी होत जातो, म्हणून तिथे रिंगा विरळ. मिस्त्रीच्या ड्रॉइंगमागचं गणित एवढंच आहे.

१९०४ साली मोर्श झुरिकला प्राध्यापक म्हणून गेले, रिटर जिथे शिकवत होते त्याच संस्थेत. रिटर यांची प्रकृती तोवर ढासळली होती. १९०६ साली ते गेले. या संस्थेची एक हकीकत आरोग्यविषयक लेख वाचणाऱ्यांना आवडावी. रिटर यांचे गुरू कार्ल कुलमान हे आकृत्या काढून जोरांचे मार्ग शोधण्यात निष्णात होते. १८६६च्या सुमारास झुरिकमधल्या हेर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचे उभे छेद तिथल्या एका सभेत दाखवले. आतल्या जाळीदार हाडाच्या बारीक रेषा कमानीसारख्या वळत एकमेकींना छेदत होत्या. कुलमान यांना त्या पाहताच, वाकड्या मानेच्या यारीमध्ये ते स्वतः काढत असत त्या दाबाच्या आणि ताणाच्या रेषा आठवल्या. हाड जिवंत असतं, भार बदलला तर ते आपली जाळी हळूहळू बदलतं. काँक्रीटला ती सोय नाही. त्यात सळई जिथे ठेवली तिथेच ती राहणार, म्हणून आधी विचार करावा लागतो. मायर आणि कुलमान यांची ही भेट मोर्श यांच्या जन्माआधीची, पण पदार्थाच्या आत जोराच्या वाटा असतात आणि त्या काढून दाखवता येतात, ही दृष्टी त्या वर्गखोल्यांत रुजलेली होती.

झुरिकच्या काळात मोर्श नुसते शिकवत नव्हते. म्युनिकजवळ ग्र्युनवाल्ड इथे ईसार नदीवर त्यांच्या आराखड्याने बांधलेला पूल १९०४ साली पुरा झाला. त्याच्या दोन कमानी प्रत्येकी ७० मीटरच्या होत्या, त्या काळी लोखंडी सळयांच्या काँक्रीटमध्ये एवढी झेप कुणी घेतली नव्हती. स्वित्झर्लंडच्या आपेनत्सेल भागात झिटर नदीच्या खोल घळीवरचा ग्म्युंडरटोबेल पूल १९०८ साली झाला, त्याची मुख्य कमान ७९ मीटरची. या पुलांना मोर्श यांनी दगडी पुलाचा भारदस्तपणा दिला. माझ्या चवीला ते जरा जड वाटतात. त्यांच्याच वयाचे, १८७२चेच, स्विस इंजिनिअर रोबेर मायार मात्र काँक्रीट पातळ करत करत पक्ष्यासारखे पूल बांधत होते. मायारही तडे वाचूनच शिकले: त्सुओझ इथल्या आपल्या पुलाच्या भिंतींना आधाराजवळ तडे गेलेले पाहून त्यांनी पुढच्या पुलात तो भागच काढून टाकला. मोर्श यांनी तड्यावर सूत्र केलं आणि मायार यांनी आकार बदलला. दोन्ही बरोबरच, फक्त सूत्र कुणालाही शिकवता येतं.

१९०८ साली मोर्श कंपनीच्या संचालक मंडळात परतले आणि १९१६ पासून स्टुटगार्टला, जिथे शिकले तिथेच, प्राध्यापक झाले.

कैचीचं सूत्र सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या मोजणीत रिंगांवर प्रत्यक्षात येणारा ताण हिशेबापेक्षा कमी निघाला. म्हणजे सूत्र चुकीचं? चुकीचं नव्हे, काटकसरी नव्हतं. तडा ४५ अंशांपेक्षा आडवा झोपला तर तो जास्त लांब जातो आणि जास्त रिंगा ओलांडतो. वरच्या उदाहरणात तो ३० अंशांवर गेला तर तीनऐवजी पाच रिंगा त्याच्या वाटेत येतील, प्रत्येकीवर भार कमी. शिवाय तड्याची खडबडीत तोंडं एकमेकांत अडकतात, वरचा न फाटलेला भागही हातभार लावतो. मोर्श यांना हे ठाऊक होतं. तड्याचा नेमका कोन गणिताने सांगता येत नाही, हे त्यांनी पुस्तकात सरळ लिहिलं आणि व्यवहारासाठी गैरसोयीचा, म्हणजे सुरक्षित बाजूचा, कोन धरावा असं ठरवलं. अमेरिकनांनी दुसरा मार्ग धरला: काही भार काँक्रीट स्वतः उचलतं असं मानायचं आणि उरलेल्यापुरत्या रिंगा द्यायच्या. आपलं आयएस ४५६ हे मानकही याच वाटेचं. काँक्रीटचा वाटा वजा करून उरलेल्या भाराला त्यात जे सूत्र लावतात, ती ४५ अंशांची मोर्श यांची कैचीच.

हा काँक्रीटचा वाटा मोठा फसवा असतो. बीम जितका खोल तितका तो दर इंचामागे कमी होतो. १९५५ साली ओहायोमध्ये अमेरिकी हवाई दलाच्या गोदामाचं छप्पर कोसळलं. बीम ३६ इंच खोल होते आणि जिथे तुटले तिथे रिंगा नव्हत्याच, कारण काँक्रीट एकटं पुरेल असं तेव्हाच्या नियमांनी हिशेबात धरलं होतं. छपरावर त्याच्या स्वतःच्या वजनाखेरीज फारसं काही नव्हतं. अमेरिकेतले नियम त्यानंतर बदलले. ही बातमी ऐकायला मोर्श नव्हते. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांनी पूर्वताणित काँक्रीट या तेव्हाच्या नव्या विषयावर पुस्तक लिहिलं, ते १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना आलं. २९ डिसेंबर १९५० रोजी स्टुटगार्टच्या वाइल इम डॉर्फ भागात ते वारले.

स्टुटगार्टमधला धागा मात्र तुटला नाही. मोर्श यांच्या हाताखाली शिकलेले फ्रिट्झ लेओनहार्ट यांनी १९६०च्या दशकात पुन्हा बीम मोडून पाहिले आणि कैचीचे टेकू ४५ अंशांपेक्षा आडवे असू शकतात, हे मोजून दाखवलं. झुरिकमध्ये ब्रुनो थ्युर्लिमान आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याला सिद्धान्ताची बैठक दिली. लेओनहार्ट यांच्या जागी आलेले योर्ग श्लाइश यांचं नाव आपल्याकडे कोलकात्याच्या विद्यासागर सेतूमुळे ओळखीचं आहे. त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर १९८७ साली एक दीर्घ लेख लिहून मोर्श यांची कैची बीमबाहेर काढली.

अडचण अशी होती, की मोर्श यांची कैची लांबसडक, सरळ बीमची. एकसारख्या पायऱ्यांची. पण प्रत्यक्ष बांधकामात वेडेवाकडे भाग असतातच. मेट्रोच्या खांबाच्या डोक्यावरचे दोन बाजूंना पसरलेले पंख, भिंतीतून बाहेर आलेला आखूड ब्रॅकेट, पाइल्सच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा, बीममधून पाइप नेण्यासाठी ठेवलेलं भोक, एकावर एक टेकवण्यासाठी टोकाला अर्धी जाडी कापलेला बीम. इथे भार अचानक येतो किंवा आकार अचानक बदलतो. बीमचं नेहमीचं गणित तिथे लागू पडत नाही. अशा भागासाठी श्लाइश यांचं सांगणं होतं, की कैची तुम्ही स्वतः रेखाटा. भार कुठून येतो, कुठे जायला हवा ते बघा, दाबाच्या वाटेवर काँक्रीटचे टेकू काढा, ताणाच्या वाटेवर सळया द्या, सांध्यांवर दाब मावतो का ते तपासा.

एकाच भागासाठी दोन इंजिनिअर दोन वेगळ्या कैच्या काढतील, मग बरोबर कोणती? या पद्धतीचा गाभा इथेच आहे. कैची सगळीकडे तोललेली असेल आणि तिचा एकही दांडा त्याच्या ताकदीबाहेर जात नसेल, तर खरा भाग तुमच्या हिशेबापेक्षा कमी भार घेणार नाही, हे सिद्ध करता येतं. अट एवढीच, की सळई तुटण्याआधी थोडी ताणली जावी, टेकू आधी चिरडला जाऊ नये आणि सळई सांध्यात पक्की धरलेली असावी. कॅनडाने १९८४ मध्ये ही पद्धत मानकात घेतली, युरोप आणि अमेरिकेनेही घेतली. आपल्याकडे २०११ च्या आयआरसी ११२ या पुलांच्या संहितेत ती आली.

यातली शेवटची अट, सांध्याची, सगळ्यांत क्षुल्लक वाटते. रिंग खालच्या जाड सळईला खरोखर कवेत घेते का? तिचा हुक आत वळला आहे का? सेंट्रिंगवर वाकून पाहिलं तर हाताला जाणवेल असा हा प्रश्न आहे. कॅनडात माँट्रियलशेजारी लाव्हाल इथे १९७० साली बांधलेला एक उड्डाणपूल होता. त्याच्या जाड स्लॅबचं टोक अर्धी जाडी कापून दुसऱ्या भागाला टेकू देत होतं. श्लाइश ज्या वेड्यावाकड्या भागांबद्दल बोलत होते, त्यांतलाच हा एक. टेकलेला भार वर उचलून नेण्यासाठी तिथे इंग्रजी यू आकाराच्या सळया होत्या, म्हणजे कैचीचे उभे ताण. जाड स्लॅबमध्ये रिंगा नव्हत्या, तेव्हाच्या नियमांनी त्या मागितल्याही नव्हत्या. ३६ वर्षं गाड्या गेल्या. थंडीत पाणी गोठून वितळून काँक्रीट आतून खराब होत राहिलं आणि एक तडा तिरका आत शिरत गेला. ३० सप्टेंबर २००६ रोजी पुलाचा तुकडा खाली पडला म्हणून रस्तेखात्याचा माणूस पाहून गेला. थोड्या वेळाने पूल कोसळला. पाच जण मेले, सहा जखमी झाले.

चौकशीत तुटलेला भाग उघडून पाहिला तेव्हा त्या यू आकाराच्या सळया वरच्या मुख्य सळयांना अडकवलेल्या नव्हत्या. ओतकामाच्या वेळी त्या खाली राहिल्या होत्या आणि दोहोंच्या मधून, जिथे लोखंडाचा एकही धागा आडवा येत नव्हता, तिथून तडा गेला होता.